लाइव्ह मायग्रेशनसाठी प्रोसेसरमधला कॉम्प्रेशन ॲक्सिलरेटर : चिपळूण–रत्नागिरी लाइनवर त्याचा फायदा होईल का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणमधल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो. मुख्य कार्यालय बाजारपेठेत आहे, सर्व्हर रूम पहिल्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. सर्व्हरपर्यंत पाणी आलं नव्हतं, पण तळमजला बुडाला, वीज गेली, लाइन गेली आणि जनरेटरपर्यंत पोहोचणंही शक्य नव्हतं. तेव्हापासून संचालक मंडळाचा आग्रह आहे की पाणी चढायच्या आत सगळं काम रत्नागिरीच्या शाखेत हलवता आलं पाहिजे, आणि ते करताना बाकीच्या शाखांचे काउंटर थांबता कामा नयेत.

रत्नागिरीची शाखा उंचावर आहे, तिथे दुसरा सर्व्हर बसवलेला आहे. दोन्हीकडे केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं (व्हीएम) चालवायची लिनक्समधली सोय. मध्ये २०० मेगाबिटची लीज्ड लाइन. सगळ्यात मोठी व्हीएम डेटाबेसची, ३२ जीबी रॅम. बाकीच्या लहान. व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची, म्हणजे लाइव्ह मायग्रेशन करायचं, असा बेत आहे.

आता चिपळूणचा सर्व्हर बदलायचा आहे. विक्रेत्याचं म्हणणं असं की इंटेलच्या चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरचं वरचं मॉडेल घ्या, त्यात क्विकअसिस्ट म्हणजे क्यूएटी हा ॲक्सिलरेटर (कॉम्प्रेशनसाठीचं वेगळं सर्किट) आहे, मेमरी हार्डवेअरमध्येच कॉम्प्रेस होते, म्हणजे दाबून लहान होते, आणि मायग्रेशन झटक्यात होतं. किमतीतला फरक आमच्या मानाने मोठा आहे. पैसा सभासदांचा आहे, म्हणून विचारतो. या लाइनवर त्याचा खरंच उपयोग होईल का?

माडाची झावळ

उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. डिस्क कुठे आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणी आधीपासून कॉपी असते की मायग्रेशनबरोबरच न्यायची आहे? डेटाबेस व्हीएमची मेमरी सेकंदाला किती बदलते ते मोजलंय का? आणि इशारा मिळाल्यापासून हातात किती वेळ असतो?

वाशिष्ठीकाठ

डिस्क डीआरबीडीने (नेटवर्कवरून डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) सतत रत्नागिरीला जाते, असिंक्रोनस, म्हणजे तिथलं लिहून होण्याची वाट न पाहता. मेमरी किती बदलते ते मोजलेलं नाही. वेळेचं म्हणाल तर हवामान खात्याचा लाल इशारा आदल्या दिवशी येतो, पण त्यावर दर वेळी हलवाहलव करत नाही. खरा निर्णय होतो तो वाशिष्ठीची पातळी इशारा रेषेकडे सरकायला लागली आणि त्याच सुमारास खाडीला भरती असली की. उधाणाच्या भरतीला नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. तिथून पुढे दोन-तीन तास धरून चाला.

कातळसडा

मूळचा रत्नागिरीचा, सध्या पुण्यात व्हर्च्युअलायझेशनच्याच कामात आहे. तुमचा प्रश्न मनापासून आवडला, कारण यंत्र विकत घेण्याआधी विचारलात. जरा सविस्तर लिहितो.

लाइव्ह मायग्रेशनची आजची रीत बरीचशी २००५ च्या एका शोधनिबंधातून आली आहे. केंब्रिजच्या गटाने झेन या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवर केलेलं ते काम. व्हीएम चालू असतानाच तिची सगळी मेमरी एकदा पलीकडे पाठवायची. तेवढ्या वेळात जी पेजेस (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) बदलली ती दुसऱ्या फेरीत, त्या वेळात बदललेली तिसऱ्या फेरीत. उरलेली पेजेस अगदी थोडी झाली की व्हीएम क्षणभर थांबवायची, तेवढी पाठवायची आणि पलीकडे सुरू करायची. त्या निबंधात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर खेळ चालू असताना हलवला होता आणि थांबण्याचा काळ फक्त ६० मिलिसेकंद होता. केव्हीएमबरोबर व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्राममध्ये हा थांबा डिफॉल्टने ३०० मिलिसेकंदांपर्यंत चालतो.

यात सगळं अवलंबून आहे ते एका शर्यतीवर. मेमरी जितक्या वेगाने बदलते त्यापेक्षा लाइन जास्त वेगाने वाहायला हवी. नाहीतर फेऱ्या संपतच नाहीत.

तुमचे आकडे घेऊ. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ एमबी. ३२ जीबी रॅम जशीच्या तशी पाठवायची तर नुसत्या पहिल्या फेरीला साधारण २३ मिनिटं. समजा डेटाबेस सेकंदाला १० एमबी मेमरी बदलतोय. मग प्रत्यक्ष पुढे सरकायचा वेग उरला १५ एमबी, एकूण वेळ ३८ मिनिटांच्या आसपास. बदलाचा वेग ४० एमबी असेल तर मायग्रेशन कधीच पूर्ण होणार नाही, कारण लाइन २५ चीच आहे.

आता कॉम्प्रेशन आणा. डेटा एक-तृतीयांश झाला असं धरलं, तर तीच लाइन ७५ एमबीची असल्यासारखी वागते. १० एमबी बदल असेल तर काम सुमारे ९ मिनिटांत होतं. ४० असेल तरी १६-१७ मिनिटांत होतं, म्हणजे जे अशक्य होतं ते शक्य झालं. म्हणून तुमच्यासारख्या लाइनवर कॉम्प्रेशन लावलंच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण ते करायला हार्डवेअर लागतं का? ७५ एमबी प्रति सेकंद एवढा डेटा दाबायला किती ताकद लागते ते पाहा. झेडस्टँडर्ड हे कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर पहिल्या पातळीवर आजच्या एका कोअरवर सेकंदाला ५०० एमबीच्या घरात काम करतं. जुनं झेडलिब पहिल्या पातळीवर १०० च्या आसपास. हे आकडे सिलेसिया नावाच्या प्रमाणित नमुन्यावरचे आहेत, तुमच्या मेमरीवर थोडे इकडेतिकडे होतील. पण तुमची गरज एका कोअरच्या छोट्या हिश्श्यात भागते. क्यूएटी घेतलं तरी लाइन २५ एमबीचीच राहणार आणि तो ॲक्सिलरेटर बहुतेक वेळ रिकामा बसणार.

थोडक्यात, प्रत्यक्ष वेग म्हणजे दोन आकड्यांतला लहान आकडा: एक, दाबणारा सेकंदाला किती डेटा घेऊ शकतो, दोन, लाइनचा वेग गुणिले कॉम्प्रेशनचं प्रमाण. तुमच्याकडे दुसरा आकडा लहान आहे. हार्डवेअर फक्त पहिला वाढवतं.

तो पैसा लाइनमध्ये घाला. किंवा दुसऱ्या मार्गाने येणारी वेगळी लाइन घ्या.

वाशिष्ठीकाठ

एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. मग हा ॲक्सिलरेटर नक्की कुणासाठी बनवलाय?

मालवणी गडी

माका वाटता आमच्यासारख्यांसाठी. कुडाळात एका हॉस्पिटलाचा आयटी बघतंय. एकाच आवारात दोन इमारती, मधी १० गिगाबिटची फायबर. औषधांचा, बिलांचा, एक्स-रे-सीटीच्या फोटोंचा सगळा काम व्हीएमवर. नव्या सर्व्हरात क्यूएटी असा, जुन्यात नाय. मेंटेनन्सला व्हीएम हलवताना दोन्ही सर्व्हर घामाघूम होतत, पेशंटांच्या स्क्रीन हळू पडतत. एकाच बाजूक हार्डवेअर असला तर चलात काय?

कातळसडा

तुमच्याकडे गणित उलटं आहे. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५० एमबी. ती लाइन कॉम्प्रेस केलेल्या डेटाने पूर्ण भरायची तर झेडस्टँडर्डला सेकंदाला साडेतीन जीबीच्या वर मेमरी दाबावी लागेल. म्हणजे सात-आठ कोअर निव्वळ त्याच कामाला. झेडलिब वापरलं तर तीस-पस्तीस. हे कोअर त्या वेळी पेशंटांच्या व्हीएम चालवत असतात, म्हणूनच तुमच्या स्क्रीन अडकतात. २५ गिगाबिटला झेडस्टँडर्डचे अठराएक कोअर, १०० गिगाबिटला सत्तरच्या पुढे. मोठ्या डेटा सेंटरांमध्ये टेराबाइटभर रॅमच्या व्हीएम हलवतात, तिथे हा खर्च परवडत नाही. तिथे वाटतं की हे काम कोअरकडून काढून घेऊन वेगळ्या सर्किटला द्यावं. ॲक्सिलरेटर त्यासाठी आहे.

हे एकट्या इंटेलचं नाही. आयबीएमने झेड१५ मध्ये २०१९ ला डिफ्लेट थेट चिपवर आणलं, त्याआधी पॉवर९ मध्येही जीझिप करणारं यंत्र होतं. हुआवेच्या कुनपेंग प्रोसेसरमध्येही आहे. आणि डिफ्लेट हा सगळ्यांचा समान धागा आहे. १९७७ चं लेम्पेल-झिवचं तंत्र आणि १९५२ चं हफमन कोडिंग मिळून बनलेली ही पद्धत. मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता 'इतकं मागे जा, इतके बाइट घे' एवढंच लिहायचं, आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड द्यायचे. मागचा मजकूर शोधणं हे यातलं सगळ्यात खर्चिक काम. सर्किटमध्ये अनेक जागा एकाच वेळी तपासता येतात, म्हणून तिथे ते स्वस्त पडतं.

क्यूएमूमध्ये हे अलीकडेच आलं. २०२४ च्या ९.१ आवृत्तीत क्यूपीएल आणि यूएडीके, मग ९.२ मध्ये क्यूएटीझिप. क्यूएटीझिप क्यूएटीसाठी, क्यूपीएल इंटेलच्या आयएए नावाच्या दुसऱ्या ॲक्सिलरेटरसाठी आहे, यूएडीके कुनपेंगसाठी. तिन्ही मल्टीएफडीच्या वर बसतात, म्हणजे मेमरी अनेक चॅनेलमधून समांतर जाते आणि प्रत्येक चॅनेल आपापलं कॉम्प्रेशन करतो. मल्टीएफडीवर झेडलिब आणि झेडस्टँडर्ड ५.० पासून आहेत. जुन्या ब्लॉगांवर नुसतं 'कॉम्प्रेस' सुरू करा असं सापडेल, ती सोय ९.१ मध्ये काढूनच टाकली आहे. डेबियन १२ मध्ये क्यूएमू ७.२ आहे आणि उबुंटू २४.०४ मध्ये ८.२, त्यात हार्डवेअरवाले पर्याय नाहीत. डेबियन १३ मध्ये १०.० आहे, पण त्या लायब्ररी घालून तो बांधला आहे का ते पाहावं लागेल.

आता एकाच बाजूला हार्डवेअर असण्याबद्दल. दोन्ही बाजूंना पद्धत तीच लावावी लागते. क्यूएटीझिपला हार्डवेअर सापडलं नाही तर ते काम सॉफ्टवेअरमध्ये करतं. नव्याकडून जुन्याकडे जाताना जुन्याला फक्त उलगडायचं असतं आणि डिफ्लेट उलगडणं हे दाबण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. जुन्याकडून नव्याकडे येताना मात्र दाबण्याचं ओझं जुन्याच्या कोअरवर पडेल. त्या दिशेला झेडस्टँडर्ड लावा आणि चॅनेल मोजके ठेवा. १० गिगाबिट पूर्ण भरलीच पाहिजे असं काही नाही.

आणखी एक, यात बरेच जण अडकतात. व्हीएमला होस्टचा, म्हणजे खऱ्या सर्व्हरचा, प्रोसेसर जसाच्या तसा दिला असेल तर नव्यावरून जुन्यावर ती जाणारच नाही. दोघांनाही झेपेल असं नाव असलेलं सीपीयू मॉडेल द्या.

मालवणी गडी

ह्या भारी सांगितलात. जुन्याकडे जाताना हार्डवेअर, परत येताना झेडस्टँडर्ड, असा करून बघतंय. सीपीयू मॉडेल आधीच बदलूक व्हया, ता समजला. फोटोंच्या सर्व्हराचा काय?

कातळसडा

फोटो आधीच जेपीईजीमध्ये दाबलेले असतील तर ते पुन्हा दबत नाहीत. त्या व्हीएमची पेज कॅशच (डिस्कवरून वाचून ठेवलेला डेटा) मेमरीत मोठी असणार. हलवण्याआधी गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, कॅश रिकामी करा, आणि व्हर्टआयओ बलूनमधलं फ्री पेज हिंटिंग (मोकळी पेजेस कोणती ते व्हीएमने कळवण्याची सोय) सुरू असेल तर मोकळी पेजेस पाठवलीच जात नाहीत. जे पेज पाठवायचंच नाही त्याच्याएवढं चांगलं कॉम्प्रेशन दुसरं नाही. पूर्ण शून्यांनी भरलेल्या पेजसाठीही क्यूएमू फक्त एक खूण पाठवतो.

कुठल्या पेजला कुठली वागणूक द्यायची हा विचार जुना आहे. हाय जिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच पेजच्या प्रकारानुसार पद्धत बदलणारं कॉम्प्रेशन मांडलं होतं: जास्तीत जास्त शून्य असलेल्या पेजला सोपी रीत, पुनरावृत्ती असलेल्याला वेगळी. आज ॲक्सिलरेटर आल्यावरही तो विचार सोडून देता येत नाही, कारण न दबणारी पेजेस यंत्रात घालून काढणं म्हणजे मेमरीची बँडविड्थ वाया.

खारवी

मला सुरक्षेचा प्रश्न आहे. पतसंस्थेचा डेटा, लाइनवरून जाताना एन्क्रिप्ट असणारच. एन्क्रिप्ट केलेला डेटा दबत नाही असं शिकलो आहोत. मग हे सगळं गणित कोलमडत नाही का?

कातळसडा

क्रम बरोबर असेल तर कोलमडत नाही. क्यूएमू आधी कॉम्प्रेस करतो आणि मग टीएलएस, म्हणजे लाइनवरचं एन्क्रिप्शन, लावतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तरी हरकत नाही, कारण मेमरीत डेटा उलगडलेलाच असतो. डेटाबेसची फाइल एन्क्रिप्टेड असते तेव्हाही त्याच्या बफरमधली पेजेस साधीच असतात.

खरी अडचण येते ती मेमरीच एन्क्रिप्ट करणाऱ्या व्हीएममध्ये, उदाहरणार्थ एएमडीचं एसईव्ही. तिथे होस्टला दिसतो तो निव्वळ गोंगाट. प्रत्येक जागेसाठी एन्क्रिप्शन वेगळं पडत असल्यामुळे दोन सारखी पेजेससुद्धा सारखी दिसत नाहीत. त्यावर ना झेडस्टँडर्ड चालतं ना क्यूएटी.

कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन एकत्र आले की लांबीवरून मजकूर ओळखायचा धोका असतो, २०१२ च्या क्राइम हल्ल्याने ते दाखवून दिलं. त्याला हल्लेखोराला आपला मजकूर तुमच्या मेमरीत पुन्हा पुन्हा घालता यावा लागतो आणि प्रत्येक वेळी लांबी मोजता यावी लागते. लीज्ड लाइनवर, वर्षातून थोड्या वेळा होणाऱ्या मायग्रेशनमध्ये मी त्याला घाबरणार नाही, पण टीएलएस मात्र काढणार नाही.

माडाची झावळ

देवगडहून लिहिते, डेटाबेसवर काम करते. वाशिष्ठीकाठ, तुमचा सगळा डोलारा त्या एका बदलाच्या वेगावर उभा आहे आणि तो दिवसभर सारखा नसतो. पतसंस्थेत संध्याकाळी दिवसअखेरीची प्रक्रिया चालते, महिनाअखेरीला व्याज लागतं. तेव्हा मेमरी प्रचंड बदलते.

शिवाय हे लक्षात घ्या की मोजणी पेजवर होते. एका खात्यातली शिल्लक बदलली, आठ बाइट बदलले, तरी ४ केबीचं अख्खं पेज डर्टी धरलं जातं आणि पुन्हा पाठवलं जातं. लेजर विस्कळीत अपडेट करणारा प्रोग्राम थोडंसंच लिहूनही हजारो पेजेस डर्टी करतो. म्हणून हलवायच्या आधी दिवसअखेर थांबवा, बॅकअप थांबवा, मोठे रिपोर्ट थांबवा. काउंटरचे व्यवहार चालू द्या, त्यांचा भार तेवढा नसतो. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळायचं सॉफ्टवेअर) डर्टी रेट, म्हणजे मेमरी बदलायचा वेग, मोजायची आज्ञा आहे, ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चालवा.

कातळसडा, अशा छोट्या बदलांसाठी एक्सबीझेडआरएलई होतं ना? त्याचं काय झालं?

कातळसडा

आहे अजून. आधी पाठवलेलं पेज स्रोताच्या कॅशमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या वेळी फक्त फरक पाठवायचा. तुम्ही म्हणता तशा आठ बाइटच्या बदलांवर ते फार छान चालतं. पण त्याची कॅश डिफॉल्टने ६४ एमबीच आहे, ३२ जीबीच्या व्हीएमला ती खूप मोठी करावी लागते. आणि मल्टीएफडीबरोबर ते चालत नाही, त्यामुळे झेडस्टँडर्ड की फरक पाठवणं यातलं एकच निवडावं लागतं. पहिल्या फेरीत एक्सबीझेडआरएलईचा काहीच उपयोग नसतो, कारण आधी पाठवलेलं असं काही नसतंच. तुमच्या लाइनवर पहिली फेरीच सगळ्यात जड आहे, म्हणून मी झेडस्टँडर्ड घेईन.

आता ॲक्सिलरेटरची आतली बाजू, कारण ती मला महत्त्वाची वाटते आणि विक्रेते सांगत नाहीत. क्यूएमूच्या मल्टीएफडीत एका पॅकेटमध्ये १२८ पेजेस जातात. क्यूएटीझिपच्या मार्गात ही पेजेस आधी सलग एका बफरमध्ये कॉपी केली जातात आणि मग एकदम दाबली जातात. विखुरलेली पेजेस एकत्र केल्यामुळे यंत्राला एकच मोठं काम मिळतं, पण कॉपीचा खर्च कोअरवरच पडतो. आयएएच्या मार्गात प्रत्येक पेज स्वतंत्र दाबलं जातं. त्या यंत्राची मागे पाहण्याची मर्यादाच ४ केबी आहे, म्हणजे नेमकं एक पेज. सॉफ्टवेअर डिफ्लेट ३२ केबी मागे पाहू शकतं. त्यामुळे प्रमाण थोडं कमी मिळतं. दाबून पेज लहान झालं नाही तर ते जसंच्या तसं पाठवलं जातं.

आयएएला पेजेस कॉपी कराव्या लागत नाहीत, ते प्रोसेसच्याच पत्त्यांवर थेट काम करू शकतं. पण पेज त्या क्षणी मेमरीत हजर नसेल तर यंत्राला थांबावं लागतं, आयओएमएमयूकडून (यंत्रांना मेमरीचे पत्ते लावून देणारा भाग) फॉल्ट, म्हणजे पेज नसल्याची सूचना, येतो, कर्नल पेज आणतो, मग काम पुढे जातं. हा रस्ता संथ आहे. पोहोचण्याच्या बाजूला हा त्रास जास्त, कारण तिथे व्हीएमची मेमरी नुकतीच राखलेली असते, तिला कुणी हातही लावलेला नसतो. म्हणून तिथे मेमरी आधीच पूर्ण वाटून घ्यावी लागते. यंत्र कितीही वेगवान असो, त्याला डेटा वेळेवर हातात मिळाला नाही तर वेग कागदावरच राहतो.

आणि मालवणी गडी, सर्व्हरमध्ये नेमकं काय आहे ते तपासा. चौथ्या पिढीच्या झिऑनमध्ये, जे जानेवारी २०२३ ला आले, क्यूएटी, आयएए आणि डेटा हलवणारा डीएसए असे वेगवेगळे ॲक्सिलरेटर असतात. कुठल्या मॉडेलमध्ये कोणते आणि किती चालू आहेत ते त्या मॉडेलवर ठरतं. क्यूएटी सॉकेटला जास्तीत जास्त चार.

वाशिष्ठीकाठ

वाचतोय, लिहून घेतोय. पोस्टकॉपीबद्दल कुणी काही बोललं नाही. व्हीएम लगेच रत्नागिरीला सुरू करायची आणि मेमरी मागून आणायची, असं वाचलं होतं. पाणी चढत असताना तेच चांगलं नाही का?

कातळसडा

तुमच्याकडे तेच सगळ्यात धोक्याचं. प्रीकॉपीत, म्हणजे वर सांगितलेल्या फेऱ्यांच्या रीतीत, लाइन मध्येच तुटली तर चिपळूणची व्हीएम काही झालं नाही अशी चालू राहते, पुन्हा प्रयत्न करता येतो. पोस्टकॉपीत लाइन तुटली की व्हीएमची अर्धी मेमरी इथे आणि अर्धी तिथे, दोन्ही बाजूंना अपुरी. पुन्हा जोडून घेण्याची सोय क्यूएमूमध्ये आहे, पण त्यासाठी लाइन परत यावी लागते आणि चिपळूणचा सर्व्हर तोपर्यंत जिवंत असावा लागतो. पुराच्या दिवशी या दोन्हींचा भरवसा धरायचा नसतो.

फेऱ्या संपत नसतील तर ऑटो-कन्व्हर्ज लावा. तो व्हीएमचा प्रोसेसर आधी २० टक्के मंदावतो, मग १०-१० ने वाढवत नेतो, म्हणजे मेमरी बदलायचा वेग उतरतो. काउंटरवरच्या माणसाला काम थोडं हळू वाटेल, पण बंद पडणार नाही.

आणि डीआरबीडी. मायग्रेशनच्या क्षणी डिस्क दोन्हीकडे लिहिता येणारी असावी लागते आणि त्यासाठी डीआरबीडी सिंक्रोनस पद्धतीवर आणावं लागतं. ते आधी करा, दोन्ही बाजू जुळल्याची खात्री करा आणि मगच मायग्रेशन सुरू करा. डिस्कवरचं प्रत्येक लेखनही त्याच लाइनवरून जाणार आहे, शाखांचे व्यवहारही. म्हणून मायग्रेशनला अख्खे २५ एमबी देऊ नका, मर्यादा घाला. मी वर दिलेली मिनिटं त्यामुळे वाढतील, ती तशीच पकडू नका. दोन्हीकडे एकाच वेळी लिहिलं जाऊ नये यासाठी फेन्सिंगची व्यवस्था नसेल तर हा सगळा खटाटोप करूच नका.

खारवी

नेटवर्कचं विसरू नका. व्हीएमचा आयपी तोच राहायला हवा. व्हीएम पोहोचल्यावर क्यूएमू स्वतः नेटवर्कला तिची नवी जागा कळवतो, पण ते एकाच लेयर-टू नेटवर्कमध्ये, म्हणजे मध्ये राउटर नसेल तिथे. चिपळूण आणि रत्नागिरी वेगळे सबनेट असतील तर मध्ये टनेल लागेल किंवा शाखांचा राउटिंगचा मार्ग बदलावा लागेल. आणि शाखांचा सगळा ट्रॅफिक चिपळूणच्या राउटरमधून जात असेल तर व्हीएम रत्नागिरीला पोहोचूनही शाखा बंदच राहतील, कारण राउटर पाण्याखाली.

माडाची झावळ

खारवींशी पूर्ण सहमत. यावर आधी काम करा. कॉम्प्रेशन नंतर.

वाशिष्ठीकाठ

मंडळी, थोडे दिवस गप्प होतो, काम चालू होतं. कळवतो.

वरचं मॉडेल घेतलं नाही. साधा सर्व्हर घेतोय आणि वाचलेल्या पैशात दुसऱ्या मार्गाने येणारी लाइन. शाखांचे राउटर आता दोन्ही ठिकाणी बोलतात, खारवींनी दाखवलेला दोष आमच्याकडे जसाच्या तसा होता. डर्टी रेट मोजला. दुपारी काउंटर चालू असताना लाइनच्या आवाक्यात असतो, दिवसअखेरीला लाइनच्या कितीतरी वर जातो. झेडस्टँडर्ड लावून रविवारी डेटाबेसची व्हीएम रत्नागिरीला नेली आणि परत आणली. दोन्ही वेळा वेगाला मर्यादा लाइनचीच पडली, कोअर जवळजवळ मोकळे होते. कातळसडांनी म्हटलं होतं तसंच.

आता क्रमाचा प्रश्न आहे. आधी लहान व्हीएम न्यायच्या की डेटाबेस?

कातळसडा

डेटाबेस आधी, आणि एकटाच. एकाच लाइनवर एका वेळी दोन व्हीएम सोडल्या तर दोघींचा वेग अर्धा होतो, बदलाचा वेग मात्र तसाच राहतो, आणि मोठीच्या फेऱ्या संपायच्या राहतात. लहान व्हीएम प्रसंगी बंद करून डिस्कच्या कॉपीवरून पलीकडे सुरू करता येतात, डेटाबेसचं तसं नाही. फक्त ॲप्लिकेशन सर्व्हर लगेच त्याच्यामागे न्या. तो चिपळूणला आणि डेटाबेस रत्नागिरीला असेल तेवढा वेळ प्रत्येक क्वेरी त्याच भरलेल्या लाइनवरून जाईल.

मालवणी गडी

आमच्या हयचा पण सांगतंय. नव्याकडून जुन्याकडे क्यूएटीझिपने नेला, कोअर मोकळे ऱ्हवले, ओपीडीच्या स्क्रीन अडकल्यो नाय. फोटोंच्या व्हीएमाक कॉम्प्रेशन बंदच ठेवलंय, कॅश रिकामी करून नेलंय. परत आणताना झेडस्टँडर्ड, दोनच चॅनेल, रात्री.

वाशिष्ठीकाठ

छान. क्रम लिहून सर्व्हर रूमच्या दारावर लावतोय: दिवसअखेर थांबवणे, डीआरबीडी सिंक्रोनस, डेटाबेस, ॲप्लिकेशन, मग बाकी. निर्णय कुणी घ्यायचा तेही लिहिलंय, रात्री शाखाधिकारी फोनवर मिळाले नाहीत तर ड्यूटीवरचा माणूस घेईल. पुढच्या उधाणाच्या भरतीच्या आधी काउंटर चालू असताना एकदा पूर्ण करून बघणार आहोत, तेव्हाची मिनिटं इथे टाकतो.